दिनकररावांचा काळा करकोचा

दिनकरराव कानडे यांनी सत्तर वर्षांत एकदाच छातीठोकपणे 'नक्की' असं म्हटलं, आणि ते पडताळून पाहायला तासाभरात सव्वीस माणसं, नऊ दुर्बिणी आणि दोन कुत्री जमा झाली!

एरवी त्यांचा शब्द 'बहुतेक'. मिरजेच्या एका वाचनालयात छत्तीस वर्षं ते ग्रंथपाल होते. कुणी विचारलं, "कानडे, ते शिकारीचं पुस्तक आत आहे का?" तर पुस्तक स्वतःच्या हातात असतानाही ते म्हणायचे, "बहुतेक आहे." लग्न ठरताना मुलीच्या मामांनी "मुलगी पसंत ना?" असं विचारलं, तेव्हाही "बहुतेक" म्हणाले होते. शुभदाताईंनी हे चव्वेचाळीस वर्षं जपून ठेवलं आहे. भाजीत मीठ बरोबर आहे का हे विचारताना त्या अजून पुढे जोडतात, "आणि बहुतेक नको. नीट सांगा!"

अशा माणसाने न्यूनेन या डच गावात, मुलाच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, भरल्या ताटासमोर एक घोषणा केली.

"गुंजनला मी प्राणी दाखवतो. खराखुरा. रानातला."

अभिरामच्या हातातला घास हातातच राहिला. वडिलांनी वाक्याच्या शेवटी काहीच जोडलं नाही, हे त्याच्या प्रथमच लक्षात आलं असावं.

कारण असं की नऊ वर्षांच्या गुंजनला शाळेत, वर्गासमोर उभं राहून दहा मिनिटं बोलायचं होतं. विषय: वाळूतले प्राणी. बाईंची अट एकच, त्यातला निदान एक प्राणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा. तो नसेल तर पाळीव प्राणी चालणार होता.

"नाहीतर मी गिनीपिग घेते," गुंजन म्हणाली. "अर्धा क्लास गिनीपिगच करतो. इट्स फाइन, आबा."

ते 'फाइन' दिनकररावांना लागलं. त्यांना परत जायला दहा दिवस उरले होते. तीन महिने ते या घरात राहिले होते आणि एवढ्या दिवसांत नात त्यांच्याशी काय बोलली? "गुड मॉर्निंग, आबा." "गुड नाइट, आबा." "आबा, तुझा चष्मा फ्रिजमध्ये आहे." त्याआधीची दोन वर्षं दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी तिला अक्षरं शिकवली होती. तिच्याकडचा कॅमेरा बहुतेक वेळा बंद असायचा. 'क कमळाचा' म्हणून ते एका काळ्या चौकोनाला समजावून सांगत, आणि चौकोन मधूनमधून "ओके" म्हणे. इथे आल्यावर एकदा धीर करून त्यांनी मराठी वर्तमानपत्राचं कात्रण वाचायला पुढे केलं, तर ती म्हणाली, "आय फरगॉट." त्यांनी कात्रण घडी करून खिशात ठेवलं. पोरीला पुन्हा विचारायचं नाही, असं ठरवून टाकलं. जायच्या आधी हिच्या मनात आपलं काहीतरी राहावं एवढीच त्यांची इच्छा होती. पण ते काय असावं, हे त्यांना सुचत नव्हतं. आणि आता सुचलं होतं!

"वाळू कुठे आहे इथे?" त्यांनी विचारलं.

"द्रुननला आहे की," अभिराम म्हणाला. "तासाभरावर. मैलच्या मैल वाळू. इथले लोक त्याला सहारा म्हणतात."

"वाळवंट?" शुभदाताईंनी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. "म्हणजे ऊन असेल?"

"तीन दिवस कडक ऊन सांगितलंय, आई."

"मग मी साबुदाणा भिजवते!"

हे वाक्य कुणी फारसं मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं. चैत्र चालू होता, आणि चव्वेचाळीस वर्षांत शुभदाताईंचा एकही चैत्र वाळवणाशिवाय गेला नव्हता. न्यूनेनला आल्यापासून आभाळ गळत होतं. त्या रोज सकाळी खिडकीशी उभ्या राहून त्या आभाळाकडे, पैसे घेऊनही कपडे न दिलेल्या शिंप्याकडे पाहावं तशा पाहत असत.

प्रांजलीला, म्हणजे सूनबाईंना, ऑफिसचं काम होतं म्हणून ती घरी राहिली. बाकीचे चौघं शुक्रवारी संध्याकाळी दोन तंबू, एक गॅसची शेगडी, मोठं पातेलं आणि प्लास्टिकचे दोन लांबलचक कागद घेऊन वाळूच्या कडेच्या कॅम्पिंगवर जाऊन थडकले. दिनकररावांनी स्वतःपुरत्या तीनच गोष्टी घेतल्या. एक पक्ष्यांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक, न्यूनेनच्या लायब्ररीतून आणलेलं. दुसरी अभिरामची जुनी दुर्बीण. आणि तिसरी त्यांची छत्री.

या छत्रीबद्दल सांगायला हवं. लांब दांड्याची, काळी, मिरजेहून विमानात मांडीवर ठेवून आणलेली. तिची वाकडी मूठ तडकली तेव्हा त्यांनी तिला पुस्तकबांधणीची लाल कापडी पट्टी गुंडाळली होती. वाचनालयाच्या खुंट्यांवर अशा तीस छत्र्या लटकत, म्हणून कापडावर पांढऱ्या तैलरंगात ठसठशीत नाव घातलं होतं. तेही छत्री खुंटीला टांगलेली असताना सरळ वाचता यावं असं. कडक ऊन सांगितलेलं असताना छत्री कशाला, असं अभिरामने विचारलंही. "असू दे, बहुतेक लागेल," ते म्हणाले होते.

शनिवारी सकाळी ते उठले तेव्हा छत्री जागेवर नव्हती. शुभदाताई कधीच्या उठून बाहेर पातेल्यात पुन्हा काहीतरी ढवळत होत्या. गाडीत राहिली असेल, असं दिनकररावांना वाटलं. अभिराम गाडीत बसून ऑफिसच्या लोकांशी बोलत होता. "नाही नाही, सर्व्हर रीस्टार्ट करू नका!" असं तो इतक्या कळवळून सांगत होता की छत्रीसारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी काच वाजवणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही.

"अहो, ऐकलंत का," मागून हाक आली, "तुमची ती..."

"आल्यावर, आल्यावर!" म्हणत ते गुंजनचा हात धरून निघाले. एरवी ते थांबले असते. पण आज त्यांना मोहिमेवर निघाल्यासारखं वाटत होतं.

पाइनच्या रानातून वळणं घेत घेत पाऊण तास चालल्यावर लाकडी फळ्यांचा आडोसा आला. फळ्यांना आडव्या फटी; त्यांतून बघायचं. समोर पांढरीशुभ्र वाळू, मधे वाळक्या गवताचे पुंजके, आणि थेट पलीकडे झाडांची रेघ. माणसाची खूण नाही. दिनकररावांना धन्य वाटलं. आपण निबिड रानाच्या ऐन पोटात आलो आहोत, अशी त्यांची समजूत झाली. वास्तविक पायवाट अर्धं वर्तुळ काढून आली होती, आणि समोरची झाडांची रेघ म्हणजे त्यांच्याच कॅम्पिंगची मागची बाजू होती. पण दिशांच्या बाबतीत दिनकररावांचा भरवसा नेहमी दुसऱ्यांवर असे, आणि दुसरं कुणी तिथे नव्हतं.

म्हणजे एक होता. फळीवर कोपर टेकून त्यांच्याच वयाचा एक उंच म्हातारा बसला होता. नाव विम. तो गुंजनशी डचमध्ये दोन वाक्यं बोलला, दिनकररावांना इंग्रजीत "गुड मॉर्निंग" म्हणाला आणि गप्प झाला. गप्प बसणारा माणूस दिनकररावांना ताबडतोब आवडला.

एक तास गेला. एक फुलपाखरू आलं. ते गुंजनच्या मते चालणार नव्हतं.

"आबा, बोअरिंग."

"थांब जरा. प्राणी पाहायचा तर आपण झाड व्हायचं असतं."

"झाड तरी हलतं, आबा. तू हलत पण नाहीस."

हे खरं होतं. तेवढी एक गोष्ट दिनकररावांना जन्मजात येत होती. आणखी अर्धा तास गेला. गुंजनने वाळूत गिनीपिग काढायला घेतला. ते पाहून दिनकररावांनी घाईने दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि पलीकडच्या झाडांच्या कडेला, गवताच्या पुंजक्यामागे, त्यांना तो दिसला.

उभा. काळाभोर. मान वर जाऊन वाकलेली, आणि चोच लाल! अंगाचा खालचा भाग निमुळता होत गेलेला, म्हणजे एका पायावर तोल सांभाळत असणार. पोटाकडे काहीतरी पांढरं. तापू लागलेल्या वाळूवर हवा थरथरत होती आणि तिच्यात तो पक्षी पाण्यात उभा असल्यासारखा हलत होता. वाऱ्याची झुळूक आली तसे त्याने पंख सैल केले, पुन्हा मिटले.

त्यांनी पुस्तक उघडलं. पान एकशे बारा. 'काळा करकोचा. चोच व पाय लाल. पोट पांढरे. अत्यंत बुजरा, माणसाची चाहूल लागताच दूर जातो. या देशात दुर्मीळ, वसंतात क्वचित.' अत्यंत बुजरा, हे वाचून त्यांना त्या पक्ष्याबद्दल उगाच आपलेपणा वाटला.

"गुंजन," ते कुजबुजले, "तो बघ."

विमनेही मान वर केली. दिनकररावांनी पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवलं आणि मग समोर दाखवलं. विमने आपली छोटी दुर्बीण लावली. बराच वेळ पाहिलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "आर यू शुअर?"

आता हा प्रश्न दिनकररावांना सत्तर वर्षांत अनेकांनी विचारला होता आणि त्याचं उत्तर ठरलेलं होतं. ते जिभेवर आलंही. पण गुंजन त्यांच्याकडे पाहत होती. फोनकडे नाही, वाळूतल्या गिनीपिगकडे नाही, त्यांच्याकडे! भुवया उंचावून, ओठ किंचित उघडे ठेवून.

"येस," दिनकरराव म्हणाले. "शुअर. नक्की!"

विमने फोन काढला आणि पक्षिनिरीक्षकांच्या ग्रुपवर एक ओळ टाकली.

इथल्या लोकांना एरवी भेटायचं तर तीन आठवडे आधी वेळ घ्यावी लागते, असं अभिराम सांगे. पण दुर्मीळ पक्ष्याला हा नियम लागू नसावा. वीस मिनिटांत पहिली सायकल आली. मग सायकलींची रीघच लागली. हिरव्या जाकिटातले, खिशाखिशांचे सदरे घातलेले, दुर्बिणींची तीन पायांची तिकाटणी खांद्यावर टाकलेले लोक पाइनच्या रानातून मुंग्यांसारखे निघत राहिले. आडोशाला जागा पुरेना. प्रत्येक जण पक्षी बघे, हुंकार देई, आणि मग विमला विचारी, "कुणी शोधला?"

उत्तर विमच्या आधी गुंजनच देई. टाचा उंचावून, डचमध्ये, भराभरा. त्या वाक्यातला 'ओपा' म्हणजे आजोबा एवढा एकच शब्द दिनकररावांना कळायचा. तेवढा त्यांना पुरत होता. लोक येऊन त्यांचा हात हातात घेत. एका बाईंनी त्यांना कॉफी दिली. एकाने विचारलं, भारतात ते पक्षितज्ज्ञ होते का? "ग्रंथपाल होतो," ते म्हणाले, आणि तो माणूस "आ!" म्हणून इतक्या आदराने मागे सरला की जणू ते एकच!

आणि नेमका इथेच त्यांच्या मनातला जुना भाडेकरू जागा झाला. पाऊण तास होत आला, हा हलला कसा नाही?

"विश्रांती घेतोय," विम म्हणाला. "फार लांबून येतात हे."

"पण मान तरी..."

"दमलाय बिचारा."

दिनकररावांनी घड्याळ पाहिलं. पक्षी खोटा निघाला तर? या सव्वीस माणसांचा शनिवार फुकट घालवला म्हणून कुणी तक्रार केली तर? पोलीस नाव विचारतील. कानडे. मग संगणकात बघतील: मुलगा अभिराम कानडे, नोकरीच्या परवान्यावर. परवाना रद्द! घर, गाडी, गुंजनची शाळा, सगळं एका करकोच्यापायी! नको त्या ठिकाणी त्यांची कल्पनाशक्ती नेहमीच तरतरीत असे.

तेवढ्यात मारिके नावाची एक तरुण मुलगी आली. तिच्याकडची दुर्बीण तोफेएवढी होती. तिने ती तिकाटण्यावर चढवली, डोळा लावला, आणि म्हणाली, "थांबा. पक्ष्यावर काहीतरी लिहिलंय."

सगळ्यांनी पुन्हा दुर्बिणी डोळ्यांना लावल्या.

"पायातलं खुणेचं कडं असेल," विम म्हणाला.

"पायात नाही. पोटावर. पांढरी अक्षरं. वारा आला की दिसतात."

गुंजन हे सगळं आबांच्या कानात मराठीत ओतत होती. "आबा, ती म्हणते लेटर्स आहेत. पण आपले नाहीत. म्हणजे डच नाहीत. तो काका म्हणतोय अरेबिक असेल, कारण बर्ड आफ्रिकेतून येतो. ती आंटी म्हणते पोटावर कोण लिहितं! तो म्हणतो सायंटिस्ट लोक काहीही करतात!"

दिनकररावांच्या हातातला कॉफीचा कप आपोआप खाली गेला. लाल चोच. काळं अंग. पांढरी अक्षरं. सकाळी जागेवर नसलेली... त्यांच्या पायाखालची वाळू खरोखरच सरकली. अर्थात ती वाळूच होती, पण तरी.

"गुंजन, चल बाळा, आपण हळूच..."

"आबा, मला बघायचंय!"

मारिकेने तिकाटणं खाली केलं. गुंजनने डोळा लावला. वारा पडला होता, सगळे थांबले. मग झुळूक आली.

"द," गुंजन म्हणाली. "द ला पहिली वेलांटी. दि." ती थांबली. तिचं बोट आपोआप हवेत फिरू लागलं. रविवारी फोनसमोर दिनकरराव फिरवत तसंच, वरून खाली, मग आडवी रेघ. "न ला काना. ना. मग का... न... ड, त्याच्यावर मात्रा. डे."

तिने डोळा काढला. आबांकडे पाहिलं.

"दि. ना. कानडे. आबा, बर्डवर तुझं नाव आहे!"

समोर अब्रू चालली होती, ते दिनकररावांना दिसत होतं. पण त्यांना सारखा तो काळा चौकोन आठवत होता. त्या चौकोनाच्या आत कुणीतरी बसलेलं होतं. दोन वर्षं. काना, मात्रा, वेलांटीसकट.

"काय म्हणाली ती?" विमने विचारलं. "काय लिहिलंय?"

उत्तर द्यायची वेळच आली नाही. दुर्बिणींना डोळे लावलेले नऊच्या नऊ जण एकदम किंचाळले. झाडांमधून एक बाई बाहेर आली होती. साडी, वर स्वेटर, पायात मोजे, हातात काठी. ती सरळ देशातल्या त्या दुर्मीळ पक्ष्याकडे चालत गेली, तिने त्याची मान धरली, त्याला जमिनीतून उपसून काढलं, दोनदा झटकलं, आणि फट्‌दिशी उघडून डोक्यावर धरलं!

मग ती वाळू तुडवत, छत्रीखालून, आडोशाकडे चालू लागली. तिकडून दिसणारी गर्दी पाहून तिला वाटलं होतं की आपल्या नवऱ्याला काहीतरी झालं.

शुभदाताई येऊन पोचेपर्यंत कुणी हललं नाही. विमने छत्रीकडे पाहिलं. दिनकररावांकडे पाहिलं. आणि त्या लोकांच्या सरळ रीतीप्रमाणे, कसलाही राग न धरता, सांगितलं, "सर, ही छत्री आहे."

"बहुतेक," दिनकरराव म्हणाले.

"काय झालं हो? पडलात का?" शुभदाताई धापा टाकत होत्या. "इतकी माणसं कशाला जमलीत? आणि सकाळी किती हाका मारल्या! तुमची छत्री घेतल्ये म्हणून सांगत होते, पण तुम्ही कुठचे ऐकायला! पळीपापड घातलेत तिकडे दीडशे. कावळे काय माजलेत म्हणून सांगू इथले! काळं काहीतरी उभं केल्याशिवाय वाळवणाला हात लावून देत नाहीत. छत्री उलटी रोवली तेव्हा कुठे गेले."

गुंजनने हे जसंच्या तसं डचमध्ये सांगितलं. सव्वीस माणसांनी शांतपणे ऐकून घेतलं. आधी मारिकेच्या खांद्यांना हादरे बसले, मग विमने टोपीत तोंड लपवलं, आणि मग सगळं रान हसू लागलं. दिनकरराव फळीकडे तोंड करून उभे राहिले. कुणी पोलिसांना बोलावलं नाही.

"कावळ्यांचं ठीक आहे," शुभदाताई काठी टेकत पुढे म्हणाल्या, "पण पहाटे तो दुसरा आला ना, त्याने वैताग आणला! छत्री रोवून मी वळले तर हा शेजारी येऊन उभा. एवढा थोरला. काळा कुळकुळीत, आणि चोच लाल, पाय लाल. छत्रीला आपलं माणूस समजला की काय कोण जाणे! अर्धा तास तिच्याकडे बघत उभा होता. पापडाला तोंड लावलं नाही हो त्याने, पण मी म्हटलं, याचा काय भरवसा? घातली काठी नि दिला हाकलून!"

गुंजनने हेही डचमध्ये सांगितलं.

यावर मात्र कुणी हसलं नाही. विमच्या हातातली पेन्सिल वाळूत पडली. एका गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. मग सव्वीसही जण, पुस्तकाचं पान एकशे बारा एकमेकांना दाखवत, शुभदाताईंच्या मागोमाग पापड पाहायला निघाले. तिथे कुणाला पक्षी दिसला नाही. अर्धे वाळलेले पळीपापड मात्र सगळ्यांनी खाल्ले, आणि विमने तर कृती लिहून घेतली. अभिराम गाडीतून बाहेर आला तेव्हा एवढी गर्दी पाहून त्याला वाटलं, सर्व्हर इथेच पडलाय!

परतताना गाडीत दिनकररावांनी छत्री पायांशी घेतली होती. "गुंजन," ते म्हणाले, "गिनीपिगच घे बाळा. माझं चुकलं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. ती रागावली आहे, असं त्यांनी धरून चाललं.

ते मिरजेला परतल्यावर दुसऱ्या रविवारी फोन आला. काळा चौकोन उजळला आणि कॅमेऱ्यात गुंजन दिसली. तिच्या हातात पुठ्ठ्याचा तक्ता होता.

"आबा, दहापैकी नऊ मिळाले! क्लाससाठी डचमध्ये केला होता. हा तुझ्यासाठी परत लिहिला. वाच."

त्यांनी चष्मा पुसला. वाकड्यातिकड्या, पण ठळक देवनागरीत लिहिलं होतं:

*मी सोता पाहिलेला प्राणी: आबा. कुठे दिसतो: लाकडाच्या फळीमागे. खातो: पापड. सोभाव: खूप लाजाळू. तीन तास हलत नाही. आवाज: कमी करतो. केला तर चुकतो.*

खाली चित्र होतं. चष्मा लावलेला कुणीतरी, एका पायावर उभा.

"सगळं करेक्ट आहे ना, आबा?"

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एकही गोष्ट खोडून काढता येईना. 'खातो'मध्ये चहा राहिला होता, तेवढं सांगावं का, असं मनात आलं. पण तिने इतकं मन लावून लिहिलं होतं.

"आहे," ते म्हणाले.

"नक्की?"

दिनकररावांनी खुंटीवरच्या छत्रीकडे एकदा पाहिलं.

"बहुतेक."